गाठीतला दोष

सत्यशीलाच्या छातीतली गाठ कर्करोगाची निघाली आणि आठवडाभरात ढाणकीच्या पाहुण्यांनी तिच्या लेकीची, मोनालीची, सोयरीक मोडली. "मायले झालं, उद्या पोरीलेही होईन," असा निरोप आला.

कापसाचे दिवस वाईट होते. सत्यशीला कामाला जायची ती पांढरकवड्याची, कापसातली सरकी काढणारी जिनिंग गिरणी बंदच होती. मायलेकी उपचारासाठी नागपूरला गेल्या, तेव्हा मोनालीने डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे तिलाही होईल का.

"हे जन्मापासूनचं नाही," त्या म्हणाल्या. "छातीतल्या एका पेशीत गुणसूत्र तुटलं आणि भलतंच जोडलं गेलं. त्या गोंधळात वाढीचा हुकूम देणाऱ्या जनुकाच्या प्रतींवर प्रती निघाल्या. म्हणून पेशी वाढतच सुटली. पण ही मोडतोड फक्त गाठीत आहे. ती तुझ्यात उतरत नाही."

मोनालीचे वडील मारोती हे सांगायला आशेने ढाणकीला गेले. नवरदेव राजदीप शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याने सगळं ऐकलं आणि स्वतःच आईला नीट समजावून सांगितलं.

"असंन," आई म्हणाली. "पण लोकायले कोण समजावत बसन?"

राजदीपने शाळेच्या वह्या तपासायला पुढ्यात ओढल्या.

मारोती घरी परतले, तेव्हा सत्यशीलाने विचारलं, "त्यायले समजलं नाही का जी?"

"समजलं ना. पोराले तर माह्यापेक्षा जास्त समजलं."

मोनाली साखरपुड्याची साडी पिशवीत भरत होती. "समजलं नसतं, तर मी माफ केलं असतं," ती म्हणाली, "हे उद्याच वापस करून या, बाबा."