पहिला घास मालकाचा

बेकरीत एक कायदा होता. भट्टीतून काहीही बाहेर निघो, पाव असो, बिस्किट असो की केक, पहिला घास मालकाचा. मालकानं चावून, गिळून मान हलवली तर माल काउंटरवर. नाही हलवली तर अख्खा ट्रे कचऱ्यात. आणि मान न हलवता हा माणूस गप्प बसेल असं मुळीच नाही, कारागिराच्या आईबापापर्यंत पोचल्याशिवाय त्याचं तोंड थांबायचं नाही. भट्टीवरच्या म्हाताऱ्या कारागिराला दिसेनासं झालं, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. "बेकरी आहे, धर्मशाळा नाही," म्हणाला, आणि पुढे कित्येक दिवस हे वाक्य येईल त्याला ऐकवून स्वतःच हसत राहिला.

असा हा मालक, आणि नेमकी त्याचीच जीभ गेली.

एका तापाचं निमित्त झालं. ताप उतरला, अंगात ताकद आली, भूकसुद्धा आली, पण चव आणि वास काही परत आले नाहीत. गरम की गार, मऊ की कडक, एवढंच कळायचं. बाकी सगळा कापूस. डॉक्टरांनी हात टेकले. घरात कुणाला सांगायची सोय नव्हती, पण बायकोपासून काय लपणार? एके दिवशी ती भाजीत मीठ घालायला विसरली आणि हा निमूट जेवून उठला. मिठाच्या कणावरून आजवर ताट भिरकावणारा माणूस, निमूट जेवून उठला! तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो तिचे दोन्ही हात धरून रडला, अगदी लहान पोरासारखा रडला.

"कुणाला कळलं तर मला घरी बसवतील गं."

"नाही कळणार," ती म्हणाली.

तेव्हापासून मालकीणबाई खोकी मोजायच्या निमित्तानं रोज बेकरीत येऊ लागल्या. ट्रे आला की कडेचा एक तुकडा हळूच तोंडात टाकायच्या आणि मालकाच्या शेजारी उभं राहून त्याच्या पायावर पाय द्यायच्या. एकदा दाबला म्हणजे छान. दोनदा म्हणजे गोड जास्त. तीनदा म्हणजे टाकून दे. मालक डोळे मिटून, मान मागे टाकून घास घोळवायचा आणि मग निकाल द्यायचा. कारागीर पूर्वीसारखेच थरथरायचे.

तुम्हाला वाटेल, मग तरी तो बायकोशी जरा बरा वागायला लागला असेल. छे हो! कुणाला संशय येऊ नये म्हणून त्यानं उलट तिचा जास्तच उद्धार सुरू केला. "हिची जीभ म्हणजे चामडं," येताजाता म्हणायचा. "हिला पेंढा दिला तरी खाईल." ती खोकी मोजत राहायची.

पण एक दिवस ती बहिणीकडे गेली होती आणि नेमका त्याच दिवशी साखर न पडलेला केक मालकानं मान हलवून पास केला. गिऱ्हाइकं बोंबलत परत आली. मालकानं खापर कारागिरावर फोडून त्याला हाकललं खरं, पण मुलाच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मुलाला दुसरं दुकान काढायचं होतं, नव्या पद्धतीचं, टेबलं-खुर्च्या असलेलं. त्यासाठी मोठ्या शहरात जाऊन तिथली नावाजलेली ठिकाणं बघून, खाऊन यायचं ठरलं. सून मोबाइलवर रात्रंदिवस तेच बघत असायची, कुठे रांग लागते, कुठला केक कापला की आतून काय वाहतं. निघायच्या आधी मुलगा स्पष्टच बोलला.

"बाबा, तुम्ही सांगाल ते पदार्थ नव्या दुकानात ठेवू. पण तुमची जीभ शाबूत आहे हे मला एकदा पटू दे. नाहीतर तुम्ही आता आराम करा. पहिला घास मी घेईन."

आराम! मालकाला तो शब्द तोंडात मारल्यासारखा लागला. आराम म्हणजे काय ते त्याला चांगलं माहीत होतं, त्यानं स्वतः तो किती जणांना दिला होता. त्या दिवशी बायकोला म्हणाला, "माझ्या शेजारची खुर्ची सोडायची नाही. पडलं-झडलं तरी सोडायची नाही."

शहरातल्या पहिल्या कॅफेबाहेर एवढी रांग होती, की आत फुकट वाटताहेत की काय असं वाटावं. आत भिंतीभर आरसे, लहानशी टेबलं, आणि जो तो आधी फोटो काढतोय. सूनही त्यातलीच. तिचे फोटो होईपर्यंत चमच्याला हात लावायची बंदी. मालकाच्या ते पथ्यावरच पडलं. चॉकलेटच्या गोळ्यावर गरम सॉस ओतला, गोळा वितळला, सून व्हिडिओ काढण्यात गुंग, आणि तेवढ्यात मालकीणबाईंनी आपल्या बशीतला कण तोंडात टाकला. टेबलाखाली पाय दाबला गेला. एकदा, दोनदा.

मालकानं घास घेतला, डोळे मिटले, वेळ घेतला. "साखर जास्त," म्हणाला. "सॉसमधली. चॉकलेट हलकं वापरलंय आणि साखरेनं झाकलंय. गिऱ्हाईक फोटोवर भाळतं, जिभेवर नाही."

मुलानं एक घास घेतला, दुसरा घेतला. "अगदी बरोबर," तो नवलानं म्हणाला. सुनेनंही मान डोलावली. मालकाचा जीव भांड्यात पडला आणि पडल्या पडल्या त्याला चेव आला.

"तुझ्या आईला विचार काय लागलं ते. काय गं?"

"छान आहे की," मालकीणबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

"बघ! हिला सगळंच छान!" मालक खो खो हसला.

दुसरं ठिकाण आइस्क्रीमचं. तिथं बसायला रस्त्याकडेचा एक बाक होता, चौघं त्यावर दाटीवाटीनं बसले. पिस्त्याच्या आइस्क्रीमला पाय एकदा दाबला गेला. मालकानं मोकळ्या मनानं तारीफ केली आणि मग गोष्टींवर आला. पोट भरलं आणि ऐकणारं कुणी सापडलं की त्याची एक ठरलेली गोष्ट असायची.

"सूनबाई, तुला तुझ्या सासूच्या केकची गोष्ट सांगितलीय का? नवीन लग्न झालेलं. हिनं एक दिवस दुपारभर खपून केक केला आणि मिरवत बेकरीत घेऊन आली. पहिला घास मालकाचा! सगळे कारागीर जमलेले. मी घास घेतला, घोळवला, आणि म्हटलं, हात पुढे कर. हिला वाटलं, शाबासकी देतोय!" मालकाला हसू आवरेना. "हिनं हात पुढे केला आणि मी तो घास थुंकला तिच्या तळहातावर! पुन्हा भट्टीकडे फिरकली नाही."

सून हसली, मग सासूकडे पाहून अर्धवट थांबली. मुलगा आइस्क्रीम उकरत राहिला. ही गोष्ट त्यानं लहानपणापासून ऐकली होती. मालकीणबाईसुद्धा नेहमीसारख्या कसनुसं हसल्या. इथंच गोष्ट संपायची. पण मालक त्या दिवशी फार खुशीत होता.

"आता खरं सांगू? केक वाईट नव्हता. पण पहिल्याच दिवशी डोक्यावर बसू दिलं असतं, तर आयुष्यभर नाचली असती."

मालकीणबाईंच्या हातातला चमचा थांबला. "म्हणजे चांगला झाला होता?"

"झाला होता की बऱ्यापैकी! काय बिघडलं? एवढं काय तोंड पाडायचं? किती वर्षं झाली त्याला!"

आपल्या हाताला गुण नाही, जिभेला चव नाही, डोक्यात अक्कल नाही, हे त्या इतकी वर्षं खरं मानून बसल्या होत्या. पोराच्या वाढदिवसाचा केकसुद्धा त्यांनी कधी केला नव्हता, घरी बेकरीतून यायचा. हातातलं आइस्क्रीम वितळून बोटांवर आलं, ते त्यांनी रुमालानं पुसलं.

तिथून निघताना मुलगा बापाच्या खांद्यावर हात टाकून चालू लागला. "बाबा, माझं चुकलं. तुमची जीभ माझ्यापेक्षा तल्लख आहे. आता काही बघायचं राहिलं नाही. दोन्ही दुकानांत पहिला घास तुमचाच."

मालकाची छाती फुगली. मागून येणाऱ्या बायकोकडे त्यानं वळून डोळा मारला. तिनं पाहिलं की नाही, कोण जाणे.

खरं तर तिथूनच परत फिरायचं. पण सुनेनं तिसऱ्या ठिकाणी टेबल राखून ठेवलं होतं. तिथला क्रीमचा थरांचा केक खाल्ल्याशिवाय शहर बघितलं असं म्हणताच येत नाही, म्हणे. चला तर चला. पांढरेशुभ्र कप, काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेले केक, आणि खिडकीजवळचं टेबल. चार बशा आल्या. सुनेनं फोटो काढले. मालकीणबाईंनी कण उचलला, तोंडात टाकला.

पाय दाबला गेला. एकदा.

मालकानं तिच्याकडे पाहिलं. ती पुढचा घास घेत होती, चेहऱ्यावर काही नाही. मग काय! त्यानं भला मोठा घास घेतला. जिभेला गार लागलं, मऊ लागलं, बस्स. डोळे मिटून तो म्हणाला, "वा! याला म्हणतात हात!"

मुलगा आणि सून यांनी एकाच वेळी चमचे खाली ठेवले होते. सुनेनं तोंडाला रुमाल लावला होता.

"बाबा, नीट खाऊन बघा," मुलगा म्हणाला.

"नीटच खातोय. क्रीम बघ कसं आहे! ताजं. आत्ता घुसळल्यासारखं."

"बाबा..."

"तुमच्या जिभा बिघडल्यात रे पोरांनो. त्या मोबाइलनं बिघडवल्यात." त्यानं बशी साफ केली. शेजारी बायकोनं पण तिची बशी साफ केली. शेवटचा कण चमच्यानं टिपून घेतला. मग मालकानं सुनेची न खाल्लेली बशीही पुढे ओढली. "वाया कशाला? हे आपल्या दुकानात पहिलं हवं. असंच्या असं!"

इतक्यात कॅफेची मालकीण लगबगीनं टेबलाशी आली. चेहरा पार उतरलेला. केक गार ठेवणारं काचेचं कपाट रात्रभर बंद होतं, क्रीम नासलंय, कृपा करून खाऊ नका, आम्ही सगळं परत घेतोय, असं सांगत तिनं बशा उचलायला हात पुढे केला. आणि दोन बशा चाटूनपुसून साफ केलेल्या पाहून ती थबकली.

"तुम्हाला वास नाही आला?" तिनं विचारलं. शेजारच्या टेबलावरच्या पोरी फिसकन हसल्या.

मालकानं बायकोकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, डोळ्यांनी भीक मागितली. तिनं एवढंच म्हणायचं होतं, की मलाही नाही कळलं, थोडंसंच आंबलं असेल. दोघांनी खाल्लं होतं. अजूनही सगळं सावरता आलं असतं.

मालकीणबाई उठल्या. तोंडावर हात धरून आतल्या बाजूला गेल्या. बंद दारामागून त्यांच्या ओकाऱ्यांचा आवाज येत राहिला. चौघांच्या टेबलावर तिघं ते ऐकत बसले. मालकाला मात्र साधं मळमळतही नव्हतं.

त्या परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल होते. मुलानं पाण्याचा पेला आईपुढे केला. "आई, तू बाबांना सांभाळून घ्यायला ते खाल्लंस? इतके दिवस तूच सांगत होतीस ना त्यांना?"

"इतके दिवस मीच सांगत होते," त्या म्हणाल्या. "पण आजचं सांभाळायला नाही खाल्लं रे. यांनी खावं म्हणून खाल्लं."

"अगं, वेड लागलंय का तुला!" मालक ओरडला, पण आवाज मध्येच फाटला. "ज्याचं खातेस त्याच्याच... तुला काय मिळालं यातून?"

"काही नाही." त्या खुर्चीवर बसल्या. "माझा केक चांगला झाला होता, हे ऐकून मला तरी काय मिळालं?"

तो मुलाकडे वळला. मुलगा त्याच्याकडे बघतच नव्हता. "परवापासून तुम्ही घरी, बाबा," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि तो साखर नसलेला केक तुम्ही कारागिराच्या माथी मारलात. त्याला मी परत बोलावणार आहे."

कॅफेच्या मालकिणीनं माफी म्हणून चार ताज्या बशा पाठवल्या, लिंबाचा टार्ट, वर जाळलेल्या साखरेचा पापुद्रा. थोडा वेळ कुणी हात लावला नाही. मग सुनेनं घास घेतला आणि तिचे डोळेच उजळले. मुलानं घेतला. "आई, तू घे ना थोडासा. पोटाला बरं वाटेल."

मालकीणबाईंनी घेतला. "लिंबाची साल किसून घातलीय," त्या म्हणाल्या. "थोडी कडवट लागते ना मागून, ती. आणि साखर करपायच्या आत काढलीय." मुलगा पुढे सरकून ऐकत होता. "अजून काय?" त्यानं विचारलं. असं कुणी त्यांना आजवर विचारलं नव्हतं. त्या सांगत गेल्या.

मालकानंही चमचा उचलला. सवयीनं डोळे मिटले, मान मागे टाकली, घास घोळवला. टेबलावर कुणाचं लक्ष नव्हतं. डोळे उघडून त्यानं मुलाकडे पाहिलं. आपल्यालाही विचारतील, निदान एकदा तरी विचारतील, अशी त्याला खरोखर आशा होती.

मुलाचं लक्ष गेलं ते त्याच्या बशीकडे. त्यानं ती अलगद ओढली आणि आपल्या बायकोपुढे सरकवली.

"राहू द्या, बाबा. तुम्हाला कळणार नाही, उगाच वाया जाईल."