मला हलवलं कोणी?

मी रंगाऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ बोलतोय. मला सेल नाही, रोज चावी द्यावी लागत नाही. घालणाऱ्याचा हात हलला की माझ्या पोटातलं चक्र फिरतं आणि मी चालतो. एकदा भरलेला दम जेमतेम दीड दिवस पुरतो.

मालक डावरा, आणि मला घालायचाही डाव्याच हातात. ब्रश वर-खाली, वर-खाली, दिवसभर. वीस वर्षं थांबणं म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. निम्म्या गावाच्या भिंतींचे शिंतोडे माझ्या पट्ट्यावर आहेत.

मग झटका आला आणि त्याची डावी बाजू लुळी पडली. दुसऱ्या दिवशी मीही थांबलो. घरच्यांना वाटलं, घड्याळ बिघडलं. खरं सांगू? मलाही तसंच वाटलं.

लेकीने सेलवरचं नवं घड्याळ आणलं. म्हणाली, "बाबा, हे घाला. हात हलो न हलो, वेळ बरोबर दाखवतं."

पोरगी चुकीचं काही बोलली नव्हती, पण मालकाचा चेहरा पडला. नवं टेबलावर राहिलं, मी डाव्याच मनगटावर. बायकोला तो म्हणाला, "हे चालायला लागलं की समजायचं, माझा हात येतोय."

आता तिने काय करावं? तो आंघोळीला बसला की ती मला मुठीत धरून पन्नासदा हलवायची आणि नव्या घड्याळात बघून माझे काटे जुळवायची. मालक खुशीत येऊन दुप्पट व्यायाम करायचा. मी खरा चालतोय की खोटा, माझं मलाच कळेना.

मागच्या आठवड्यात ती तीन दिवस बहिणीकडे गेली. म्हटलं, संपलं आता! तर मालकाने रोज सकाळी मला उजव्या हातात घेऊन गदागदा हलवलं. म्हणजे याला ठाऊक होतं? कधीपासून? ती परतल्यावर तो म्हणाला, "चालतंय बघ." ती म्हणाली, "हो की." दोघांनीही माझ्याकडे बघायचं टाळलं. कोण कोणाला फसवतंय, देव जाणे.

आज सकाळी तिचे दोन्ही हात भांडी घासण्यात होते. मालकाचा उजवा हात चहाच्या कपाला. मी त्याच्या डाव्या मनगटासकट मांडीवर पडून होतो, आणि माझं चक्र किंचित फिरलं.

सेलवरचं घ्यावं की माझ्यासारखं, हे मला विचारू नका. माझाच गोंधळ मिटत नाही. तिचे दोन आणि त्याचा एक, तिन्ही हात कामात होते. मग मला हलवलं कोणी? अहो, दोघांपैकी कोणीतरी एकदा खाली बघा ना.