चॅपलमधून बाहेर आलेला बाक

"हा बाक आहे की शिक्षा? टेकून बसावं तर पाठ दुखते, नाही टेकावं तर कंबर," माझ्यावर बसता बसताच आत्याबाई कुरकुरल्या. त्यांनी पर्स मांडीवर घेतली, चपला काढल्या आणि दोन्ही पाय माझ्या पुढच्या फळीवर ऐसपैस ठेवले. "पाय ठेवायची सोय मात्र छान केलीय हो!"

मित्रांनो, ती पाय ठेवायची सोय नव्हे. ती गुडघे टेकायची फळी आहे. पण मला बोलता येत नाही, आणि ज्यांना येतं ते या शाळेत हल्ली मोजकंच बोलतात.

तर, मी जुना बाक. आज ऑफिसच्या दारात, भिंतीला पाठ लावून उभा असतो, पण माझा जन्म चॅपलसाठी झाला. चॅपल म्हणजे शाळेतलं छोटं प्रार्थनाघर. "पाठ सरळ ठेवा, मुलं प्रार्थनेत पेंगतात," असं तेव्हाच्या सिस्टरांनी सुताराला बजावलं होतं. त्या भल्या माणसाने माझी पाठ इतकी सरळ केली, की मुलं मागे रेलून पेंगायची ती पुढे वाकून पेंगायला लागली. लांबून पाहणाऱ्याला ती भक्ती वाटायची. मग त्याने माझ्या पायांशी बिजागऱ्या लावून एक अरुंद फळी जोडली, तिच्यावर पातळ गादी ठोकली, आणि मला पहिल्या रांगेत नेऊन ठेवलं.

पहिल्या रांगेत आपणहून कोण बसतं? मागच्या रांगा आधी भरायच्या आणि उशिरा येणारी मुलं माझ्या वाट्याला यायची. धापा टाकणारी, बुटाच्या नाड्या सुटलेली, केसांतून पाणी गळणारी. माझी सगळी माया त्या उशिरा येणाऱ्यांवर. त्यांच्या गुडघ्यांनी माझ्या गादीत खळगे पडले. आता त्या खळग्यांत पाहुण्यांच्या टाचा बसतात.

या शाळेची एक रीत होती. चॅपलमध्ये मागे, मोठ्या वर्गांतल्या प्रत्येकाची जागा ठरलेली. दहावीचं मूल शाळा सोडताना आठवीतल्या एकाचा हात धरून त्याला आपल्या जागेवर बसवायचं आणि म्हणायचं, "आता ही तुझी." बस्स, एवढंच. भाषण नाही, टाळ्या नाहीत. ज्याला जागा मिळाली तो दोन वर्षांनी ती पुढच्याला द्यायचा. त्या दिवशी वांड पोरंसुद्धा गप्प व्हायची. मी ते किती वेळा पाहिलं, पण डोळे असते तर दरवेळी पुसावे लागले असते.

मग मुलं कमी होत गेली. पलीकडच्या रस्त्याला मोठी शाळा झाली, तिला पोहण्याचा तलाव होता. आमच्या शाळेला बास्केटबॉलचं एकच कडं आणि तेही वाकडं. इकडे सिस्टरही थकल्या. बाराजणी होत्या, त्यांच्या तिघी उरल्या, आणि नवीन कोणी येईना. चॅपलमधल्या भरलेल्या रांगा मागे मागे सरकत गेल्या. एक दिवस माझ्यावर कोणी बसलंच नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा मला उचलून इथे ऑफिसबाहेर आणलं.

सुरुवातीला वाईट वाटलं. पण हळूहळू जीव रमला. प्रवेशासाठी चौकशी करायला येणारी माणसं आधी माझ्यावरच बसतात. मला जीभ असती तर मी त्यांना सगळं सांगितलं असतं. इथे वर्ग इतका लहान, की तुमचं मूल एक दिवस आलं नाही तर दुपारच्या आत घरी फोन येतो. इथे प्रार्थना सगळ्यांना असते, पण हात जोडायचे की नुसतं शांत बसायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. वर्ग मुलंच झाडतात, आणि ज्याला झाडू धरता येत नाही त्याला सिस्टर स्वतः शिकवतात. गणिताचे सर चिडले की खडू फेकतात, पण नेम चुकवून. इथे हुशारीचं कौतुक होतं, पण जे मूल वर्षभर तोंड उघडत नाही त्याचीही कोणी घाई करत नाही. असं एक मूल एकदा एप्रिलमध्ये बोललं. "खिडकी लावू का?" एवढंच बोललं. सगळा वर्ग दिवसभर खूश होता.

हे सगळं खरं आहे. पण यापुढचं एक खरं आहे, ते कोणी सांगत नव्हतं.

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ टेप घेऊन आले. खोल्या मापल्या, व्हरांडा मापला, माझ्यावर बसून आकडे लिहिले. "हा बाक पण जाणार का?" त्यांनी विचारलं. मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "सगळंच..." आणि तिथेच थांबल्या. ते गेल्यावर त्यांनी गणिताच्या सरांना हळूच सांगितलं, "आमच्या मुख्य मठातून निरोप आलाय. शाळा अजून दोन वर्षं. त्यापुढे चालवायला माणसंच नाहीत."

"पालकांना सांगायचं?"

"सांगितलं तर यंदा कोणी येणार नाही. मग दोन वर्षंसुद्धा मिळायची नाहीत." सिस्टरांनी माझ्या लाकडी हातावरून हात फिरवला. "बघू."

त्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी, कुणकुण लागलेल्या दहावीच्या मुलांच्यासुद्धा, तो एकच शब्द. बघू.

आणि मग माझ्यावर कुरकुरणाऱ्या त्या आत्याबाई आल्या, सोबत त्यांचा भाऊ आणि भावाची मुलगी. भाऊ लिफ्ट दुरुस्त करणारा. हात घासूनपुसून आला होता, तरी नखांत काळं राहिलंच होतं. मुलीला आठवीत घालायचं होतं. ती माझ्या टोकाला बसली, पाय मात्र फळीवर न ठेवता वर घेतलेले. तिने गादीतले खळगे पाहिले असावेत.

ऑफिसातल्या बाई बाहेर आल्या, मागोमाग गणिताचे सरही. "आधीची शाळा का सोडतेय?"

"घरात जरा... गडबड झाली गेल्या वर्षी," आत्याबाई म्हणाल्या. "वहिनी... ते असो. पोर बोलायचीच बंद झालीय म्हणा ना. मोठ्या शाळेत कोण विचारतं? म्हटलं लहान शाळा बघू."

"तिला आता पुन्हा शाळा बदलायला लागू नये, एवढंच आहे," वडील म्हणाले. "एकदा रुळली की दहावीपर्यंत इथेच. होईल ना तसं?"

ऑफिसातल्या बाईंनी गणिताच्या सरांकडे पाहिलं. सर घसा खाकरून म्हणाले, "अहो, भिंती बघा! केवढ्या जाड आहेत. आजकाल असं बांधकाम होत नाही."

"युनिफॉर्मचं माप घेऊन ठेवू का?" बाईंनी घाईने विचारलं.

तेवढ्यात वडिलांचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत एक आजी लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. वडील उठले नाहीत, माझ्यावर बसूनच बोलले. "आजी, माझा माणूस निघालाय. खोटं सांगत नाही, अर्धा तास लागेल. लिफ्ट पडणार नाही, पण अर्धा तास लागेल. खाली बसून घ्या. मी फोन ठेवत नाही." पलीकडचं रडणं थांबल्याचं मलाही ऐकू आलं. मुलगी वडिलांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

मग दहावीतली एक मुलगी शाळा दाखवायला आली. आवाजामुळे तिला सगळे भोंगा म्हणतात, आणि तिला त्याचा अभिमान आहे. "चल गं, आधी चॅपल!" चॅपलचं दार माझ्या समोरच, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. ऐकायचं नसतं तरी आलं असतं.

"ही माझी जागा. खांबाजवळ. इथून सिस्टर दिसत नाहीत, म्हणजे सिस्टरांनाही आपण दिसत नाही! जाताना मी ही तुला देणार. तशी रीत आहे. मला एका दादाने दिली, त्याला अजून कोणीतरी."

त्या मुलीने इतक्या बारीक आवाजात विचारलं, की मला लाकडाचा कान करावा लागला.

"आणि दहावी झाली की मी कोणाला देऊ?"

मित्रांनो, त्या पोरीचा भोंगा बंद पडलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

दोघी बाहेर आल्या. भोंगाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती उगाचच नोटीसबोर्ड वाचत उभी राहिली. मुलगी पुन्हा माझ्या टोकाला बसली. आता मोठ्या सिस्टरही आल्या होत्या. "आवडली का शाळा?" त्यांनी विचारलं.

"मी जागा कोणाला देऊ ते ताईला माहीत नाही," मुलगी म्हणाली.

आत्याबाई दचकल्याच. महिनोन्‌महिने न बोलणारी पोर बोलली होती.

"अगं, ते पुढचं पुढे बघू," सर म्हणाले.

"होईल गं सगळं छान," आत्याबाई म्हणाल्या.

"आईच्या वेळीही सगळे असंच म्हणत होते." तिने कोणाकडेच पाहिलं नाही, माझ्या गादीकडे पाहिलं. "बरी होतेय म्हणाले, तू परीक्षेला जा म्हणाले. मी गेले."

वडिलांनी मान खाली घातली. आत्याबाईंनी फळीवरचे पाय हळूच खाली घेतले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी घेतले.

मुलगी मोठ्या सिस्टरांना म्हणाली, "बाबा फोनवर त्या आजींना सांगत होता ना, तसं सांगा."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने जाता जाता तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. मला वाटलं होतं, बिजागरीला थोडं तेल मागावं, आणि चघळून झालेलं च्युइंगगम माझ्या पोटाला चिकटवू नका म्हणावं. पण आता तेही राहू दे. माझ्यावर बसून कोणी वाट बघत असेल, तर त्याला नुसत्या 'बघू'वर बसवून ठेवू नका. माझी पाठ सरळ आहे, खरं ऐकताना माणसाला टेकायला ती पुरते. खोट्यासाठी मात्र ती फार कडक आहे.

मोठ्या सिस्टरांचे गुडघे केव्हाचे गेलेत, जिन्याच्या दोन पायऱ्या चढल्या तरी कठडा धरून थांबतात. त्यांनी माझा हात धरला आणि हळूहळू खाली वाकत त्या फळीवर गुडघे टेकले. आजवर ज्यांनी ज्यांनी तिथे गुडघे टेकले, ते सगळे माझ्याकडे पाठ करून, वेदीकडे बघत. माझ्याकडे तोंड करून कोणी टेकले नव्हते. सिस्टरांचा चेहरा त्या मुलीच्या चेहऱ्यासमोर आला. बिजागरी करकरली.

"शाळा बंद होणार आहे, बाळा," सिस्टर म्हणाल्या. "तुझी दहावी इथे होणार नाही."