डावीकडून तिसरे

"ह्यात तुमचे वडील कुठे आहेत?" कलादालनातल्या सामंतांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं.

उज्वलाने फोटोतल्या भोकावर बोट ठेवलं. "हे. डावीकडून तिसरे."

वाशीच्या त्या कलादालनाने प्रदर्शनासाठी लोकांकडून फोटो मागवले होते. हे शहर ज्यांच्या कष्टांवर उभं राहिलं, त्यांचे. रंगवलेले, स्टुडिओत जुळवलेले नकोत, अशी अट होती. आज शेवटचा दिवस. पाच वाजता टेबल उठणार होतं आणि पावणेचार वाजून गेले होते.

"मॅडम, चेहराच नाही. नाव कुणाचं लावू?" सामंत फोटो परत करायला निघाले, पण तिच्याकडे बघून थांबले. "फोटोतल्या कुणी येऊन ओळख पटवली तर घेतो. पाचच्या आत हं. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

मुंबईच्या मसजिद बंदरचा घाऊक बाजार इकडे वाशीला आला, त्या दिवशी टोळीतल्या पाच माथाड्यांनी नव्या गाळ्यासमोर हा फोटो काढून घेतला होता. तिच्या वडिलांचा, हौसेरावांचा, उभ्या आयुष्यातला एकुलता एक. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा तेराव्याला हार घालायला मोठा फोटो हवा होता. स्टुडिओवाला म्हणाला, चेहरा कापून दुसऱ्या धडावर चिकटवतो, तरच उद्या मिळेल. उज्वलाने मान डोलावली. कोट-टाय घातलेले हौसेराव भिंतीवर आले. आईला ते साहेबासारखे वाटले. उज्वलाने कापलेला फोटो कपाटात साड्यांखाली सारला.

रिक्षाने तिने बाजार गाठला. फोटोतलेच एक, टोळीचे मुकादम बाबासो साखरेची गाडी उतरवून घेत होते.

"काका, आत्ताच्या आत्ता चला."

"पोरी, गाडी मोकळी झाल्याबिगर टोळी सोडता येत न्हाय. तुज्या बापानंबी कदी सोडली न्हाय."

ती गोण्या मोजत उभी राहिली. शेवटची उतरली तेव्हा साडेचार झाले होते.

रिक्षात बाबासोंनी फोटोचं पाकीट उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "ह्यो उद्योग कुणी केला?"

"मी." तिने बाहेर बघत सांगितलं. "मीच कापा म्हणाले."

बाबासोंनी पाकीट मिटून मांडीवर ठेवलं. सिग्नलला रिक्षा थांबली. तिला वाटलं, आता हे इथेच उतरून जातील.

"त्या दिसांत मान्साचं डोकं जाग्यावर नसतंय," ते म्हणाले. "ए भाई, जल्दी चलाव ना."

सामंत कागद आवरत होते. पाचला सात मिनिटं कमी होती. बाबासोंनी फोटो टेबलावर ठेवला.

"ह्यो चौथा, मी. आता माज्या खांद्यावर हात कुणाचा हाय, बगा सायेब."

सामंत वाकले. उज्वलाही वाकली. शेजाऱ्याच्या खांद्यावर टाकलेला हात कात्रीतून सुटला होता. आजवर तिला त्या फोटोत फक्त भोकच दिसलं होतं.

"मधलं बोट अर्दं हाय. ट्रकच्या मागच्या फाळक्यात गावलं हुतं. मीच दवाखान्यात नेला. टाके घालताना मला म्हनतो कसा, गाडी मोकळी झाली का रं?"

सामंतांनी भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं. मग फॉर्म पुढे ओढून पेन उघडलं.

"पूर्ण नाव सांगा."

उज्वलाने बाबासोंकडे पाहिलं. बाबासोंनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली, ताठ उभे राहिले आणि रोज सकाळी टोळीची हजेरी घेताना पुकारत तसं खणखणीत आवाजात म्हणाले,

"हौसेराव बाजीराव शेलार!"

आणि सवयीने ‘हजर’ ऐकायला क्षणभर थांबले.