हलणारा ठिपका

अल्माटीच्या वरच्या डोंगरातल्या वेधशाळेत नुरझामाल काचा बघायची. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्या अंतराने काचेवर घेतलेले दोन फोटो यंत्रात लावायचे आणि आलटून पालटून डोळ्यासमोर आणायचे. तारे म्हणजे काळे ठिपके, ते जागचे हलत नाहीत. जो उडी मारतो तो लघुग्रह. आजवर तिला दिसलेले सगळे आधीच कुणीतरी शोधलेले निघाले होते. नवा सापडला तर नाव सुचवायचा मान शोधणाऱ्याचा. तिचं नाव ठरलेलं होतं: आयसुलू. तापानं गेलेली तिची मुलगी. हे सगळ्या वेधशाळेला ठाऊक होतं.

मार्चमध्ये एक ठिपका हलला. तो नोंदलेल्यांपैकी नव्हता. नुरझामालनं घरून बाउरसाक, म्हणजे कणकेचे गोड गोळे, तळून आणले, चहाच्या टेबलावर सगळ्यांना वाटले. तोंडं चालू असतानाच सबित त्या काचा घेऊन आला. हे काम तो तिच्याच हाताखाली शिकला होता, तिला आपाय, म्हणजे ताई, म्हणायचा. त्यानं रुमालाला थुंकी लावली आणि ठिपका पुसला.

"आपाय, तुमची आयसुलू रुमालाला लागली बघा!"

हशा पिकला. दोन्ही काचांवरचे ठिपके शाईचे होते, त्यानंच काढलेले. वेधशाळेचे प्रमुख हसत म्हणाले, "गंमत केली हो, मनावर नका घेऊ." नुरझामालनं रिकामी थाळी उचलली आणि ती निघून गेली.

त्यानंतर काही हललं की ती आधी ओलं बोट फिरवायची.

शरदात एक हलला. पुसून गेला नाही. तिनं पुन्हा घासलं, मग तणतणत सबितला हाक मारली. "या वेळी पक्की शाई वापरलीस होय रे? मेलेल्या पोरीची तरी लाज बाळग!"

सबितनं यंत्रात डोकावलं. त्यानं काहीच केलं नव्हतं. तो बराच वेळ बघत राहिला, मग दोन्ही हात वर केले.

"सापडलो, आपाय. चुकलं माझं. द्या, साफ करून आणतो."

तिनं काचा दिल्या.

हिवाळ्यात शोध जाहीर झाला, सबितच्या नावानं. आकाशातली जागा नुरझामालनं वाचली: तिनं दिलेल्या काचांवरचीच. ती तडक प्रमुखांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं.

"दिसला तुम्हाला, खरंय. पण तुम्ही त्याला शाई म्हणालात. लघुग्रह म्हणून ओळखला त्यानं."

"कुणामुळे शाई म्हणाले मी?"

प्रमुखांनी चष्मा पुसला. "चहा थंड होतोय, नुरझामाल."

सबितनं लघुग्रहाला प्रमुखांच्या बायकोचं नाव दिलं.