उतारावरची ओल

बर्फाचा कारखाना बंद पडला तरी लोक त्यांना बर्फवालेच म्हणत. घरोघरी फ्रिज आले, कारखान्याचे पत्रे भंगारात गेले, बायको गेली, मुलगी दूरच्या शहरात आपल्या संसाराला लागली. मागे उरले बर्फवाले, आणि कारखान्याला पाणी मिळावं म्हणून त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेलं मातीचं छोटं धरण. ते विकत कोणी घेईना आणि टाकून देता येईना. धरणाच्या खाली शिंप्याचं घर होतं, म्हणून सरकारी नियम लागू होता: निगा मालकाने राखायची आणि तपासणी सरकारी माणसाने करायची.

तो सरकारी माणूस म्हणजे तपासनीस मॅडम. पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या, जोरात हसणाऱ्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा धरणाच्या मातीच्या भरावात कुठल्याशा जनावराचं बीळ सापडलं. "बुजवून घ्या काका. पुढच्या वर्षी बघायला येते," म्हणाल्या. पुढच्या वर्षी बीळ बुजलेलं पाहून त्या खूश झाल्या. "आता सगळं ठाकठीक. अशा धरणाला आम्ही एकदम पाच वर्षांनी येतो."

म्हणजे पाच वर्षं बर्फवाल्यांकडे कोणी फिरकणार नव्हतं. पण नेमकं तेवढ्यात तळ्याचं पाणी सोडायच्या झडपेचं चाक फिरेना. गंजलं होतं. "अरेच्चा, मग यावं लागणार की पुढच्या वर्षी," मॅडम म्हणाल्या, आणि बर्फवाल्यांना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांना खोटंखोटं खोकावं लागलं.

तेव्हापासून ते दरवर्षी एक दोष राखून ठेवू लागले. एका वर्षी जादा पाणी वाहून जायच्या सांडव्यात पालापाचोळा तुंबू दिला. एका वर्षी पाझराचं पाणी मोजायच्या पत्र्यावर शेवाळ चढू दिलं. मागच्या वर्षीचं काम मात्र चोख करून ठेवायचे. तेवढी लाज त्यांनी बाळगली होती. त्या बदल्यात एक अख्खा दिवस मिळायचा. मॅडम पुढे काठी टेकत चालायच्या, बर्फवाले मागून मोजायची फीत घेऊन. दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्या आपला डबा खायच्या आणि आईबद्दल सांगायच्या, जिला आता मुलगी ओळखू येत नव्हती. बर्फवाले कारखान्याबद्दल, बायकोबद्दल, कशाकशाबद्दल बोलत सुटायचे. एरवी बोलायची सवय नसल्याने संध्याकाळी त्यांचा घसा बसायचा.

या वर्षी त्यांनी खालच्या उतारावर झुडपं वाढू दिली होती. भरावावर झुडूप नको असतं, मुळं माती पोखरतात. पण उन्हाळा कडक पडला आणि झुडपं माना टाकू लागली. वाळलेलं झुडूप काय, हाताने ओढलं की आलं. तो काही दोष नव्हे. मग बर्फवाले रोज बादलीने त्यांना पाणी घालू लागले. मॅडम येणार त्या दिवशी सकाळी तर उत्साहाच्या भरात त्यांनी बादल्यांवर बादल्या ओतल्या. झुडपं कशी टवटवीत दिसायला हवीत, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं.

मॅडम उतारावरून खाली आल्या आणि त्यांचा बूट मातीत रुतला.

त्या थांबल्या. वाकल्या. चिमूटभर माती बोटांत चोळली. आजूबाजूला सगळीकडे भेगा पडलेली कोरडी जमीन, आणि धरणाच्या पाठीवर ही ओल.

"काका, हे कधीपासून?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. बर्फवाल्यांनी तोंड उघडलंही. पण मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू पार पुसलं गेलं होतं. "लक्षात नाही आलं," ते म्हणाले.

"तळ्याचं पाणी भरावातून झिरपतंय, धरण फुटू शकतं. झडप उघडा. पूर्ण. तळं रिकामं करायला लागू या." मॅडमनी फोन कानाला लावला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्या शिंप्याच्या घराकडे पळतच निघाल्या. बर्फवाल्यांनी चाक फिरवलं. पाणी धो धो सुटलं. त्या आवाजात आपलं बोलणं कोणाला ऐकूही जाणार नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

शिंपी दुकानावर गेला होता. घरात त्याची बायको, दोन लहान मुलं आणि अंथरुणाला खिळलेली आई. बर्फवाले पोचले तेव्हा शिंपीण एका काखेत बाळ आणि दुसऱ्या हातात औषधांची पिशवी घेऊन दारात उभी होती. काय घ्यावं, काय ठेवावं तिला सुचत नव्हतं. चुलीवरचं तसंच होतं.

"काका, बरं झालं आलात," ती म्हणाली. "आईंना उचलायला हवं. माझ्याने एकटीने नाही होणार."

मॅडमनी मुलं घेतली आणि त्या पुढे झाल्या. म्हातारीला खुर्चीत बसवून एका बाजूने शिंपीण, एका बाजूने बर्फवाले असे टेकडी चढू लागले. म्हातारी हलकी होती, पण तिने बर्फवाल्यांच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली होती.

"धरण फुटलं का हो, बर्फवाले?"

"नाही, आजी."

"मग फुटणार का? खरं सांगा. माझं काय, आज आहे उद्या नाही. पण लेकरं आहेत."

बर्फवाले थांबले. त्यांनी खुर्ची खाली टेकवली. "काही फुटत नाही, आजी. ते पाणी मी घातलंय. झुडपांना. मी रोज घालतो."

शिंपीण धापा टाकत म्हणाली, "काय घातलंय?"

"पाणी. बादलीने."

शिंपिणीने खुर्चीची तिच्या बाजूची दांडी सोडली आणि पदराने म्हातारीचा घाम पुसत बसली.

मॅडमना सांगायला ते एकटेच वर गेले. ऐकून मॅडम ओरडतील असं त्यांना वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. "मुलांपाशी थांबा," एवढंच म्हणून फावडं घेऊन उतारावर गेल्या आणि ओलीत खड्डा खणू लागल्या. वीतभर खाली माती कोरडी ठाक होती. तरी त्या खड्ड्याशेजारी बसून राहिल्या. शिंपीण येऊन मुलांना घेऊन गेली, तसे बर्फवाले खाली उतरले.

"कोरडं आहे ना, मॅडम?"

"आहे. पण खड्ड्यात पाणी भरतंय का ते बघते आहे. तुमच्या शब्दावर आता कसा विश्वास ठेवू?"

उन्हात दोघं बसले, मध्ये खड्डा. खड्ड्यात पाणी आलं नाही. बऱ्याच वेळाने मॅडमनी विचारलं, "का पण?"

"दोष नसला की तुम्ही पाच वर्षं येत नाही."

मॅडमनी मान फिरवली. त्या धरणाच्या पायथ्याकडे बघत होत्या.

"काका, मी चाळीस धरणं बघते. बाकी सगळे मला दारातूनच वाटेला लावतात. तुमच्याकडे यायचा दिवस मला आवडायचा. पण उद्या इथे खरी ओल दिसली ना, तर माझ्या मनात पहिल्यांदा येईल की काकांनीच पाणी घातलं असेल. तेवढ्या वेळात ते घर जाईल. म्हणून पुढच्या वेळी दुसरं कोणीतरी येईल. मी वर तसं सांगणार आहे."

"बरोबर आहे," बर्फवाले म्हणाले.

त्या दिवशी मॅडम डबा न उघडताच निघाल्या.

संध्याकाळी शिंपी आला आणि अंगणात उभा राहून वाट्टेल ते बोलला. बर्फवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः माफी मागायला गेले. शिंपिणीने दार अर्धंच उघडलं, ऐकलं, मान हलवली. आतून म्हातारीचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

"कोणी नाही, आई," शिंपीण म्हणाली आणि दार लावलं.

बर्फवाल्यांनी झुडपं मुळासकट उपटली, खड्डे माती ठोकून भरले, झडपेला वंगण दिलं, सांडवा झाडून लख्ख केला. पुढच्या वर्षी नवा तपासनीस आला. तो भराभर चालायचा आणि पाण्याची पातळी फोनमध्ये स्वतःच टिपायचा. फीत धरायला त्याला कोणी लागत नव्हतं. चहाला नको म्हणाला. "उत्तम ठेवलंय," म्हणाला. "काही अडचण?"

"नाही."

"मग आता पाच वर्षांनी."

गाडी वळणाआड गेली. बर्फवाले बराच वेळ फाटकाशी उभे राहिले, मग झुडपांचे पुन्हा फुटलेले कोवळे कोंब खुडायला खालच्या उतारावर गेले. खाली शिंपीण दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिची नजर वर गेली आणि ओला सदरा हातात तसाच धरून ती थांबली. ते तिथे वाकून काय करतायत, हे ती बघत होती.

बर्फवाल्यांनी दोन्ही हात वर करून तिला दाखवले. रिकामे.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिने सदरा झटकला आणि दोरीवर टाकला.