सुतारकाकांचा पडदा

माझे सासरे शिंपी, माझे यजमान शिंपी, माझा मुलगाही शिंपी. तिघांनी एकाच टेबलावर कापड बेतले. त्यानंतरची माझी नात मात्र त्याच टेबलावर माती मळते, चित्रे रंगवते आणि दर रविवारी गल्लीतले हौशी लोक गोळा करते. मुलाने दुकान बंद केल्यापासून किल्ली माझ्या कमरेला असते.

"महिनाअखेरपर्यंत कुणाच्या उपयोगाची एक तरी वस्तू करून दाखवा," मी बजावले. "नाहीतर कुलूप."

"आजी, आनंदही लागतोच की माणसाला."

"तो घरी करा."

मग नातीने आमच्या घराचे जुने देणे उकरून काढले. ते टेबल गल्लीतल्या सुतारकाकांनी यजमानांना करून दिले होते. बदल्यात यजमानांनी काकांच्या बाहुल्यांच्या खेळाला पडदा शिवून द्यायचा होता. यजमान गेले, पडदा राहिला. काकांनी कधी विषय काढला नाही.

पडद्याची एकेक पट्टी वाटून घेऊन मंडळी कामाला लागली. पोस्टमनने पट्टीवर सूर्य रंगवला, नर्सबाईंनी दोऱ्याने झाडे भरली, मास्तर गात गात टाके घालत राहिले. नातीने मापातच शिवणीची माया, म्हणजे आत दुमडायचे दोन बोटे कापड, धरली होती. वर घरच्या सवयीने प्रत्येकाला सांगितले, "दोन बोटं जास्त सोडा." सर्वांनी आज्ञाधारकपणे पुन्हा सोडली.

जोडलेला पडदा काकांच्या खेळाच्या चौकटीबाहेर दोन्हीकडे लोंबू लागला.

"नर्सबाई, पेशंटला टाके तरी मोजून घालता ना?" पोस्टमन म्हणाला.

"तुमचा सूर्य कापला की बसेल बरोबर."

नात मात्र खाली मान घालून उभी होती. उद्या महिना संपत होता.

काकांनी पडद्यावरून हात फिरवला. "वहिनी, तुमच्या घरचं कापड कायम वाढत्या अंगाचं."

मी टेप काढला. पडदा मोजला, मग टेबलाची लांबी मोजली. दोन्ही मापे तंतोतंत जुळली.

"चौकट ठेवा बाजूला," मी म्हणाले. "पडदा टेबलाला लावा. खेळ इथेच होईल."

"पण दुकानाला तर कुलूप लागणार ना?" काकांनी विचारले.

"किल्ली कुणाकडे आहे?"

रविवारी बसायला जागा उरली नाही. काकांच्या बाहुल्या त्या सूर्याखाली भांडल्या, नाचल्या. मास्तरांनी त्यांना आपला आवाज दिला. खेळ संपल्यावर मी किल्ली सोडवून नातीच्या हाती ठेवली.

काकांनी पडद्याची घडी घातली, छातीशी धरली आणि मोकळ्या हाताने टेबलावर थाप मारली.

"वहिनी," ते म्हणाले, "हे आता तुमचं झालं."